उन्हापासून कलमापर्यंत : टोमॅटोच्या जिवाणू रोगांवरील निसर्गस्नेही उपाय

टोमॅटोला जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगांत चार रोग महत्त्वाचे आहेत : जिवाणूजन्य मर, जिवाणूजन्य ठिपके, थंडीत येणारे बारीक काळे ठिपके आणि कँकर. मर रोग राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम या जिवाणूमुळे होतो. ठिपके झॅन्थोमोनास गटातील प्रजातींमुळे पडतात, बारीक ठिपके स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूच्या टोमॅटोवरील उपप्रकारामुळे पडतात आणि कँकर क्लॅव्हिबॅक्टर मिशिगनेन्सिसमुळे होतो. २०१२ साली ‘मॉलेक्युलर प्लांट पॅथॉलॉजी’ या नियतकालिकाने शास्त्रज्ञांचा कौल घेऊन वनस्पतींवरील दहा प्रमुख रोगकारक जिवाणूंची यादी केली. तिच्यात पहिला क्रमांक स्यूडोमोनास सिरिंजीला आणि दुसरा राल्स्टोनियाला मिळाला. चौथी, पाचवी आणि सहावी जागा झॅन्थोमोनासच्या वेगवेगळ्या प्रकारांनी घेतली.

बुरशीजन्य करप्यावर चालणारी मॅन्कोझेबसारखी औषधे एकेकटी वापरली तर जिवाणूंवर फारशी चालत नाहीत. पानावरची सूक्ष्म छिद्रे, पानाच्या कडेची जलरंध्रे, मुळांना झालेल्या जखमा किंवा छाटणीचे व्रण यांतून जिवाणू आत शिरतो. उष्ण आणि दमट हवेत त्याची संख्या काही तासांत दुप्पट होते. तो पेशींमधल्या पोकळीत किंवा जलवाहिन्यांत पोहोचला की बाहेरून फवारलेले औषध तिथवर जात नाही. त्यामुळे रोगट झाड बरे करणारा उपाय रासायनिक शेतीतही नाही आणि सेंद्रिय शेतीतही नाही. बियाणे, रोपवाटिका, माती, पाणी, मुळे आणि पाने या प्रत्येक टप्प्यावर जिवाणूंची संख्या घटवत नेणे, एवढाच उपचाराचा अर्थ उरतो. एकटा कोणताही उपाय अपुरा पडतो. ते क्रमाने आणि वेळेवर केले, तरच परिणाम दिसतो.

रोगांची ओळख

जिवाणूजन्य मरीत झाड हिरवेच्या हिरवे मान टाकते. दुपारी शेंडा लोंबतो, संध्याकाळी थोडा सावरतो आणि चार-पाच दिवसांत सगळे झाड कायमचे कोमेजते. विदर्भात याला झाड उबळणे म्हणतात. फ्युजेरियम बुरशीच्या मरीत आधी खालची पाने पिवळी पडतात आणि झाड सावकाश मरते. दोन्हींतला फरक शेतावरच तपासता येतो. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा स्वच्छ कापून काचेच्या पेल्यातील पाण्यात टांगून धरला, तर जिवाणूजन्य मरीत दोन-तीन मिनिटांत कापाच्या जागेतून दुधाळ धागे खाली उतरताना दिसतात. ही जिवाणूंची आणि त्यांनी तयार केलेल्या चिकट शर्करेची धार असते. याच चिकट शर्करेने जलवाहिन्या तुंबतात आणि ओलीत असूनही झाड तहानेने मरते. अमेरिकी रोगशास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली बटाटा, टोमॅटो आणि वांग्यावरील या जिवाणूचे वर्णन केले. पन्नासहून अधिक कुळांतील दोनशेहून अधिक वनस्पतींवर तो जगतो. २०१४ साली या गटाची तीन प्रजातींत विभागणी झाली. भारतात प्रामुख्याने आढळणारा आशियाई प्रकार आता राल्स्टोनिया स्यूडोसोलॅनेसिअरम या नावाने ओळखला जातो.

जिवाणूजन्य ठिपके पानांवर तीन मिलिमीटरपेक्षा लहान, गडद तपकिरी आणि तेलकट दिसतात. काहींभोवती पिवळे वलय असते. लवकर येणाऱ्या करप्याच्या ठिपक्यांत एकात एक कडी दिसतात, तशी यांत नसतात. फळावर खवल्यांसारखे खरबरीत डाग उठतात आणि बाजारात माल दुय्यम प्रतीचा ठरतो. चोवीस ते तीस अंश तापमान आणि सततचा पाऊस या रोगाला मानवतो. दक्षिण आफ्रिकेत एथेल डॉइज यांनी १९२० च्या सुमारास त्याचे सविस्तर वर्णन केले. महाराष्ट्रातही या गटाच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. १९४० च्या दशकात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झॅन्थोमोनासच्या अनेक भारतीय प्रकारांचे पहिले वर्णन केले.

बारीक ठिपक्यांचा रोग अठरा ते चोवीस अंशांच्या थंड आणि ओल्या हवेत येतो. फळावरचे त्याचे काळे कण टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून लहान असतात आणि नखाने खरवडले तर निघतात. कँकरमध्ये पानाच्या कडा करपतात, खोडावर चिरा पडतात आणि फळावर पांढऱ्या वलयात तपकिरी ठिपका दिसतो. हा रोग मुख्यतः बियाण्यातून येतो.

वाडीचा परिसर

हे रोग कुठे किती जोर धरतात, हे तिथल्या जमिनीवर आणि हवेवर ठरते. उदाहरणादाखल नागपूरजवळच्या वाडीचा परिसर पाहू. वाडी हे नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती मार्गावर वसलेले गाव आज गोदामे आणि मालवाहतुकीसाठी ओळखले जाते. मात्र याच मार्गावर शेतीशी संबंधित काही महत्त्वाच्या संस्था आहेत. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या दोन्ही अमरावती मार्गावर आहेत. वाडीच्या पुढे कळमेश्वर तालुक्यातील गोंडखैरी येथे केंद्र सरकारचे विभागीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्र आहे. प्रशिक्षण देणे आणि जैविक खतांच्या नमुन्यांची तपासणी करणे ही या केंद्राची कामे आहेत. नागपूर शहरातील कृषी महाविद्यालय १९०६ साली सुरू झाले. आता ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी जोडलेले आहे. कळमेश्वर, हिंगणा आणि सावनेर या तालुक्यांतला भाजीपाला नागपूरच्या बाजारात उतरतो.

या परिसराची जमीन बहुतांशी काळी, चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहे. जिवाणूजन्य मरीला आम्लधर्मी जमीन जास्त मानवते. म्हणूनच कोकण, गोवा आणि केरळच्या जांभ्या जमिनीत तिचा प्रकोप मोठा असतो. पूर्व विदर्भातील लालसर आम्लधर्मी जमिनींतही तिचा धोका अधिक आहे. नागपूरच्या पश्चिमेकडील काळ्या जमिनीत तो तुलनेने कमी राहतो, पण पाणी साचणाऱ्या वाफ्यांत आणि बाहेरून आणलेल्या रोपांसोबत मर येऊ शकते. इथली खरी अडचण पानाफळांवरच्या रोगांची आहे. वर्षाला सुमारे हजार ते अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये येतो. खरिपाच्या टोमॅटोवर ठिपके याच काळात पसरतात. डिसेंबर-जानेवारीतले दव आणि अवकाळी सरी बारीक ठिपक्यांना वाट करून देतात. फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट पानांना आणि फळांना जखमा करते, त्यांतून जिवाणू आत शिरतात. मे महिन्यात मात्र पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत आणि काही दिवस त्याच्याही वर जातो. ही उष्णता माती आणि रोपवाटिका स्वच्छ करण्यासाठी फुकट मिळणारे साधन आहे.

मोरचूद आणि स्ट्रेप्टोसायक्लिन

जिवाणू रोगांवर दीर्घकाळ दोनच औषधांचा आधार होता : तांबे आणि प्रतिजैविके. फ्रान्समधील बोर्दो येथे पिएर मिलार्दे यांनी १८८५ साली मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण द्राक्षांच्या केवड्यासाठी प्रसिद्ध केले. तेच पुढे जिवाणू रोगांवरही वापरात आले. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळा विरघळवून शंभर लिटर मिश्रण करतात. लोखंडी पाते त्यात बुडवल्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजतात आणि आणखी निवळी घालतात. मोरचूद विरघळवताना आणि मिश्रण करताना प्लास्टिकचे किंवा मातीचे भांडे वापरतात.

सेंद्रिय शेतीच्या मानकांत तांब्याला मर्यादित परवानगी आहे, पण तांबे मातीत विघटित होत नाही. ते वर्षानुवर्षे साठते आणि गांडुळे व उपयुक्त सूक्ष्मजीवांना मारक ठरते. म्हणून युरोपीय संघाने २०१८ च्या नियमानुसार सात वर्षांत हेक्टरी एकूण अठ्ठावीस किलो तांब्याची कमाल मर्यादा घातली. दुसरी अडचण प्रतिकारशक्तीची आहे. फ्लोरिडात १९८३ साली तांब्याला न जुमानणाऱ्या झॅन्थोमोनासची नोंद झाली. हा गुणधर्म प्लाझमिडवर, म्हणजे जिवाणूतील डीएनएच्या सुट्या तुकड्यावर, असल्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे तांबे जिथे अटळ असेल तिथेच आणि पाऊस येण्याआधी संरक्षक थर म्हणून वापरणे योग्य ठरते.

स्ट्रेप्टोसायक्लिनची कथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे. पुण्याजवळ पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीने हे औषध शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले. त्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड असते. विदर्भात लिंबाच्या खैऱ्यावर, सोलापूर-नाशिककडे डाळिंबाच्या तेल्यावर आणि सर्वत्र टोमॅटोवर त्याचा वापर वाढत गेला. स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ साली सापडलेले, क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक औषध. त्यामुळे शेतातल्या जिवाणूंत तयार झालेला प्रतिकार माणसाच्या आरोग्याचाही प्रश्न होतो. फ्लोरिडातील टोमॅटो आणि मिरचीवरील झॅन्थोमोनासने १९६० च्या सुमारासच या औषधाला दाद देणे सोडले होते. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी या मिश्रणावरील बंदीचा मसुदा आदेश काढला. त्यात १ फेब्रुवारी २०२२ पासून आयात व उत्पादन आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण थांबवण्याचा क्रम दिला होता. पर्यायांचा शोध यामुळे अधिक निकडीचा झाला.

बियाणे आणि रोपवाटिका

ठिपके, बारीक ठिपके आणि कँकर हे तिन्ही रोग बियाण्यातून प्रवास करतात. घरचे बियाणे धरायचे असेल, तर निरोगी झाडाच्या पिकलेल्या फळांचा गर एक-दोन दिवस आंबवून मग बी धुतात. आंबवण्यातील आम्लामुळे बियांवरचे जिवाणू घटतात. त्यानंतर बी मलमलच्या पुरचुंडीत बांधून पन्नास अंश सेल्सिअसच्या पाण्यात पंचवीस मिनिटे ठेवतात, लगेच थंड पाण्यात बुडवतात आणि सावलीत वाळवतात. तापमान दोन-तीन अंशांनी वाढले तर उगवण घटते आणि तेवढेच उतरले तर जिवाणू वाचतात. म्हणून तापमापक लागतोच. जुन्या बियांना ही प्रक्रिया सोसत नाही. कंपन्यांचे संकरित बियाणे बहुधा आधीच प्रक्रिया केलेले, रंग लावलेले असते. त्यावर गरम पाण्याची प्रक्रिया करत नाहीत.

रोपवाटिकेत दाटी आणि झारीचे पाणी यांमुळे एका रोगट रोपापासून शेकडो रोपांपर्यंत जिवाणू पोहोचतो. ट्रे आणि कोकोपीट वापरल्याने जमिनीतील राल्स्टोनियापासून रोपे दूर राहतात. जुने ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून स्वच्छ केल्याशिवाय पुन्हा वापरणे धोक्याचे असते. गादीवाफ्यावर रोपे करायची असतील, तर मे महिन्यात वाफ्यावर सौर निर्जंतुकीकरण करणे नागपूरच्या हवामानात विशेष सोयीचे आहे.

माती

सौर निर्जंतुकीकरणाची पद्धत इस्राएलमधील याकोव कातान यांनी १९७६ साली मांडली. वाफा भुसभुशीत करून भरपूर ओला करतात, त्यावर सुमारे पंचवीस मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीने बंद करतात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवतात. काळ्या प्लास्टिकपेक्षा पारदर्शक प्लास्टिकखाली माती अधिक तापते. ओल्या मातीत उष्णता खोल जाते आणि जिवाणू, सूत्रकृमी व तणांच्या बिया कमी होतात. परिणाम वरच्या काही इंचांपुरता असतो, म्हणून नंतर वाफा खोल खणायचा नसतो, नाहीतर खालचे जिवाणू वर येतात. संपूर्ण शेतावर प्लास्टिक घालणे महाग पडते. रोपवाटिका आणि आधी मर दिसलेले भाग यांसाठी ते परवडते.

पिकांची फेरपालट हा जुना उपाय मरीबाबत मर्यादित उपयोगाचा आहे, कारण राल्स्टोनिया पाण्यात आणि तणांच्या मुळांवर टिकून राहतो. टोमॅटोनंतर वांगी, मिरची, बटाटा किंवा भुईमूग घेणे चुकीचे ठरते, कारण हे सर्व त्याला आश्रय देतात. ज्वारी, मका, गहू, कांदा आणि लसूण ही पिके चालतात. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात धानाच्या बांधीत पाणी साचून राहिल्याने या जिवाणूची संख्या घटते. तिथे धानानंतर रब्बीत टोमॅटो घेण्याची साखळी आपोआप उपयोगी पडते. धुऱ्यावरचा धोतरा, कामोनी आणि रिंगणी ही टोमॅटोच्याच कुळातील तणे उपटणे फेरपालटीइतकेच गरजेचे आहे. पानाफळांवरचे जिवाणू मातीत सुटे फार काळ जगत नाहीत. ते पिकाच्या अवशेषांवर आणि आपोआप उगवलेल्या रोपांवर टिकतात. त्यांच्यासाठी दोन वर्षांची फेरपालट बहुधा पुरते.

मोहरी किंवा कोबीवर्गीय पिकांचे अवशेष बारीक करून ओल्या जमिनीत गाडले, तर त्यांतून तिखट वासाचे आयसोथायोसायनेट वायू सुटतात आणि मातीतील रोगकारकांची संख्या कमी होते. यालाच जैव-धुरी म्हणतात. कळमेश्वर भागात फुलकोबीचे अवशेष सहज मिळतात. ते ताजे असतानाच गाडून जमीन प्लास्टिकने झाकली, तर परिणाम वाढतो. याच्या जोडीला निंबोळी पेंड दिली की मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आटोक्यात राहतात. हे महत्त्वाचे आहे, कारण सूत्रकृमींनी केलेल्या जखमांतूनच राल्स्टोनिया मुळांत शिरतो. बांधावर आणि ओळींमध्ये झेंडू लावण्यामागचे कारणही सूत्रकृमी हेच आहे.

सुगंधी तेलांचा उपयोगही नोंदवण्यासारखा आहे. फ्लोरिडातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओव्यातील थायमॉल आणि रोशा गवताचे तेल मातीत मिसळल्यावर टोमॅटोची जिवाणूजन्य मर घटली. रोशा गवत खानदेश, विदर्भ आणि निमाडच्या जंगलांत आढळते आणि त्याचे तेल काढण्याचा व्यवसाय या पट्ट्यात पूर्वापार चालत आला आहे. तेलाची किंमत पाहता ते मोठ्या शेतापेक्षा रोपवाटिकेच्या मातीसाठी जास्त शक्य वाटते.

मित्र जिवाणू

रोगकारक जिवाणूंशी जागेसाठी आणि अन्नासाठी स्पर्धा करणारे उपयुक्त जिवाणू हा जैविक उपचारांचा गाभा आहे. त्यांत स्यूडोमोनास फ्लुरेसन्स आणि बॅसिलस सबटिलिस हे सर्वाधिक वापरात आहेत. स्यूडोमोनास फ्लुरेसन्स लोह पकडणारी संयुगे सोडतो, त्यामुळे रोगकारकाला लोह मिळत नाही. त्याचे काही प्रकार जिवाणूरोधक द्रव्येही तयार करतात. बॅसिलसच्या अनेक प्रकारांत सर्फॅक्टिन आणि इट्युरिनसारखी पेप्टाइडे तयार होतात. दोन्ही गट झाडाची स्वतःची संरक्षणयंत्रणा आधीच जागी करतात, त्यामुळे मुळांवर केलेल्या उपचाराचा फायदा काही प्रमाणात पानांनाही होतो. ट्रायकोडर्मा ही बुरशी मुख्यतः बुरशीजन्य रोगांवर काम करते. जिवाणू रोगांत तिचा उपयोग मुळांची वाढ आणि झाडाची सजगता एवढ्यापुरता आहे.

कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने टाल्कमध्ये स्यूडोमोनास फ्लुरेसन्स मिसळण्याची पद्धत रूढ केली. साधारण मात्रा अशी आहे : एक किलो बियाण्यास दहा ग्रॅम, पुनर्लागवडीच्या वेळी लिटरला दहा ग्रॅमच्या द्रावणात रोपांची मुळे अर्धा तास बुडवणे, आणि हेक्टरी अडीच किलो भुकटी पन्नास किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून जमिनीत देणे. लागवडीनंतर आळवणी करून ही मात्रा पुन्हा देता येते. गोव्यातील किनारी कृषी संशोधन संस्थेने जांभ्या जमिनीतील वांग्याच्या मरीवर काम करताना बॅसिलसवर आधारित ‘गोवा बायो-१’ आणि ‘गोवा बायो-२’ ही उत्पादने विकसित केली.

नागपूरच्या उन्हाळ्यात जैविक औषधांची साठवण हा कळीचा मुद्दा आहे. स्यूडोमोनास बीजाणू तयार करत नाही. पत्र्याच्या छपराखालील दुकानात किंवा घरात मे महिनाभर राहिलेल्या पाकिटात जिवंत पेशी फार थोड्या उरतात. बॅसिलसचे बीजाणू उष्णता सहन करतात, म्हणून विदर्भात ते अधिक भरवशाचे ठरतात. स्यूडोमोनासच्या भुकटीत एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. हा आकडा, उत्पादनाची तारीख आणि नोंदणी क्रमांक पाकिटावर पाहून घ्यावा. ही औषधे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, तर अ‍ॅझोटोबॅक्टरसारखी जैविक खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. तांबे किंवा क्लोरीनचे पाणी या जिवाणूंना मारते. त्यामुळे बोर्डो आणि स्यूडोमोनास यांच्यात किमान आठवड्याचे अंतर ठेवतात आणि फवारणी सायंकाळी करतात.

शेतातील परिणाम प्रयोगशाळेइतका स्थिर नसतो. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या, कोरड्या जमिनीत हे जिवाणू टिकत नाहीत. रोगाचा जोर फार असेल तर ते मागे पडतात. रोग येण्यापूर्वी आणि पुन्हा पुन्हा दिले, तरच ते उपयोगी पडतात.

जिवाणूभक्षक विषाणू

फेज म्हणजे फक्त जिवाणूंना खाणारे विषाणू. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात, असे निरीक्षण अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली नोंदवले होते. पुढे फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये या विषाणूंचा शोध मांडला. एक फेज ठरावीक जिवाणूलाच मारतो. माणूस, मधमाश्या आणि मातीतील इतर सूक्ष्मजीव त्यातून सुटतात. अमेरिकेत २००५ साली टोमॅटो आणि मिरचीवरील जिवाणूजन्य ठिपके व बारीक ठिपके यांसाठी पहिले फेज-उत्पादन नोंदले गेले. २०१९ साली चीनमधील संशोधकांनी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनेक फेजचे मिश्रण दिल्यावर टोमॅटोची मर ऐंशी टक्क्यांपर्यंत घटली.

अडचणी दोन आहेत. उन्हातील अतिनील किरणांनी फेज काही तासांत निष्प्रभ होतात. म्हणून सायंकाळची फवारणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या भुकटीसारखे संरक्षक लागते. दुसरे म्हणजे एकाच फेजला जिवाणू लवकर दाद देईनासा होतो, त्यामुळे मिश्रण वेळोवेळी बदलावे लागते आणि ते स्थानिक जिवाणूंवर तपासलेले असावे लागते.

प्रतिकारक वाण आणि कलमी रोपे

मरीविरुद्ध सर्वात टिकाऊ उपाय वाणात आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का आभा आणि अर्का आलोक हे वाण जिवाणूजन्य मरीला प्रतिकारक आहेत. याच संस्थेत ए. टी. सदाशिव यांनी विकसित केलेला अर्का रक्षक हा संकर पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकार करतो. केरळ कृषी विद्यापीठाने शक्ती, मुक्ती आणि अनघा हे वाण आम्लधर्मी जमिनींसाठी दिले. संकरित वाणाचे बी पुढच्या हंगामाला धरता येत नाही आणि अतिउष्ण हवामानात प्रतिकार कमी पडू शकतो, या दोन गोष्टी शेतकऱ्याला माहीत असाव्या लागतात. बारीक ठिपक्यांना प्रतिकार देणारे पीटीओ हे जनुक रानटी टोमॅटोतून आले आणि १९९३ साली वेगळे करण्यात आले. झॅन्थोमोनासच्या बाबतीत मात्र जिवाणूचे प्रकार बदलत राहतात, म्हणून एवढा खात्रीचा वाण शेतकऱ्यांच्या हाती नाही.

कलमी रोपांत खाली मरीला प्रतिकारक वांग्याचे किंवा टोमॅटोचे खुंट आणि वर बाजारात मागणी असलेल्या टोमॅटोचा शेंडा असतो. तैवानमधील जागतिक भाजीपाला केंद्राने ईजी १९५ आणि ईजी २०३ हे वांग्याचे खुंट सुचवले. हे खुंट पाणी साचण्यालाही तग धरतात, म्हणून काळ्या जमिनीत पावसाळी टोमॅटोसाठी त्यांचा दुहेरी लाभ आहे. शेजारच्या छत्तीसगडात कलमी वांगी आणि टोमॅटोची रोपे व्यापारी प्रमाणावर तयार होतात. कलम केल्यावर आठवडाभर नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रता आणि मंद प्रकाश लागतो. लावताना जोड जमिनीच्या वर ठेवतात. शेंड्याला मुळे फुटून ती मातीत गेली, तर खुंटाचा उपयोग संपतो. रोप साध्या रोपाच्या कित्येक पट महाग पडते. मरीचा इतिहास असलेल्या शेतातच तो खर्च वसूल होतो.

पाणी, आधार आणि हाताळणी

पावसाचा थेंब मातीवर आपटून पानावर उडतो, तेव्हा त्यासोबत जिवाणूही उडतात. ठिबक आणि आच्छादन यांनी ही उडण पुष्कळ थांबते. तुषार सिंचन पानाफळांवरच्या रोगांना सरळ निमंत्रण देते. पाटाच्या पाण्याने मर एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाते, म्हणून रोगट भागाचे पाणी निरोगी भागाकडे वळू न देणे आवश्यक आहे. काळ्या जमिनीत उंच गादीवाफे आणि निचऱ्याचे चर यांना पर्याय नाही. बांबू, तार आणि सुतळीने झाड उभे ठेवल्यास हवा खेळते व पाने लवकर सुकतात. पानांवर दव असताना बांधणी, खुडणी किंवा तोडणी करू नये, कारण मजुरांचे हात आणि कपडे यांतूनच जिवाणू पसरतो. मागच्या हंगामातील बांबू व सुतळ्या तशाच वापरणेही धोक्याचे असते. नत्राचा अतिरेक पाने कोवळी ठेवतो आणि रोगाला वाव देतो. पुरेसे पालाश आणि कॅल्शियम झाडाला तुलनेने कणखर करतात.

जीवामृत आणि वनस्पतींचे अर्क

अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी रुजवलेल्या नैसर्गिक शेतीत जीवामृताला मध्यवर्ती स्थान आहे. दोनशे लिटर पाण्यात देशी गाईचे दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती आंबवून ते तयार होते. मातीतील सूक्ष्मजीव वाढवण्यासाठी ते उपयोगी आहे. ठरावीक रोगकारकावरचे औषध म्हणून मात्र त्याचा परिणाम प्रत्येक ठिकाणच्या मिश्रणानुसार बदलतो. कच्चे खाल्ले जाणारे फळ तोडणीला आले असताना शेणयुक्त द्रावण फळांवर फवारणे आरोग्याच्या दृष्टीने योग्य नाही, ते जमिनीतूनच द्यावे. दशपर्णी आणि निंबोळी अर्क हे प्रामुख्याने किडींसाठी आहेत. लसणातील अ‍ॅलिसिन प्रयोगशाळेत जिवाणू मारते, पण उघड्या शेतात ते लवकर उडून जाते.

नागपूरच्या हंगामाचा क्रम

या सर्व उपायांची सांगड वर्षाच्या चक्राशी घातली तर क्रम असा लागतो. एप्रिल-मेमध्ये जुने अवशेष काढून नांगरणी आणि रोपवाटिकेच्या वाफ्यांवर सौर निर्जंतुकीकरण. जूनमध्ये बीजप्रक्रिया, ट्रेमध्ये रोपे आणि शेतात निंबोळी पेंडीसह मित्र जिवाणू. जुलै-ऑगस्टमध्ये उंच वाफ्यावर मुळे बुडवून लागवड, आच्छादन, आधार आणि सलग पावसाच्या अंदाजापूर्वी गरज असेल तरच तांब्याची एखादी फवारणी. रब्बीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपे करतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात. तेव्हा पावसाळी ठिपक्यांचा जोर ओसरलेला असतो, म्हणून रासायनिक औषधे टाळू पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा हंगाम अधिक सोपा जातो. थंडीत पानांवर पाणी येऊ न देणे आणि गारपिटीनंतर तुटलेल्या फांद्या कोरड्या हवेत काढून टाकणे ही पुढची कामे.

मरीचे पहिले झाड दिसताच पेल्यातील पाण्याची चाचणी करून ते मुळासकट, भोवतालच्या मातीसह उपटतात आणि पिशवीतून शेताबाहेर नेतात. खड्ड्यात चुना टाकतात आणि शेजारच्या झाडांचे ओलीत काही दिवस कमी करतात. खुरपी व कात्री निर्जंतुक केल्याशिवाय पुढच्या ओळीत वापरत नाहीत. ठिपक्यांनी ग्रासलेली पाने उकिरड्यावर टाकण्यापेक्षा ढिगाचे तापमान पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस राहील असे कंपोस्ट करतात किंवा खोल पुरतात. निदानाबद्दल शंका असेल, तर फुले आणि मुळे असलेले अर्धवट कोमेजलेले झाड, पूर्ण वाळलेले नव्हे, कागदात गुंडाळून कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात नेतात. कोणत्या भागात कोणता रोग कधी आला, याची नोंद ठेवली तर पुढील तीन वर्षे त्या भागात वांगी, मिरची, टोमॅटो टाळता येतात आणि कलमी रोपांचा किंवा प्लास्टिकचा खर्च नेमका कुठे करायचा, हेही ठरवता येते.